खालाचा प्रश्न आणि उसूल-ए-फिक्ह

(मालवण येथे तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



सुरुवातीलाच सांगतो, मी आलिम नाही, वकीलही नाही. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचायचा आणि तो नेमका कुठे अडकतो ते शोधायचं, हा माझा रोजचा धंदा. मला दिलेला विषय आहे ‘इस्लामी कायद्याची तर्कपद्धती आणि कौटुंबिक कायदा’. असा विषय ऐकला की मागच्या रांगेतली मंडळी मोबाइल काढतात, त्यामुळे मी आधी माझ्या खालाची गोष्ट सांगतो. विषय त्यातच आहे.

आमचं गाव इथून लांब नाही. खाडीच्या काठाला वाडी, वीस-पंचवीस घरं आपली, शेजारी गाबीत आणि भंडारी. खालाचं लग्न १९९० साली झालं, तेव्हा ती वीस वर्षांची होती. खालू आखातात मालवाहू तारवावर खलाशी. दर दीड-दोन वर्षांनी पावसाळ्यात यायचे. १९९८ साली शेवटचं पत्र आलं, सोबत ड्राफ्ट. त्यानंतर काही नाही. पत्र नाही, पैसे नाहीत, निरोप नाही. मुंबईच्या एजंटाकडे माझे मामा चार वेळा जाऊन आले. ‘मधल्याच एका बंदरात उतरला’ एवढंच कळलं. मूलबाळ नव्हतं. खाला आजोबांच्या घरी परत आली आणि शिवणकाम करू लागली. विहिरीवर शेजारणी विचारायच्या, ‘काय गो, काय खबर?’ पुढे पुढे त्यांनीही विचारणं सोडलं.

२००३ साली तिच्यासाठी एक स्थळ आलं. देवगडकडचे शिक्षक, बायको वारलेली. माणूस चांगला होता. तेव्हा पहिल्यांदा घरात प्रश्न उभा राहिला: ही दुसरा निकाह करू शकते का?

तीन ठिकाणी विचारलं, तीन उत्तरं आली. मशिदीतले मौलाना उत्तरेकडच्या मदरशात शिकलेले, हनफी. ते म्हणाले, बेपत्ता माणसाच्या वयाची माणसं जगातून जाईपर्यंत थांबायचं. ग्रंथांत नव्वद वर्षांचा आकडा आहे. जमातीतले बुजुर्ग म्हणाले, आपण कोकणी, आपला मझहब शाफिई. मौतीची खात्री होईपर्यंत निकाह कायम. तालुक्याचे वकील म्हणाले, सात वर्षं झाली की माणूस मेला असं कायदा धरून चालतो, तोवर थांबा. शिक्षक काही थांबले नाहीत. का थांबावं त्यांनी?

आता गंमत बघा. गंमत म्हणजे काय, रडायचीच गोष्ट. या तिघांपैकी एकही खोटं बोलत नव्हता. हनफी ग्रंथांत तसं आहे. शाफिई ग्रंथांतही आहे. सात वर्षांचा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता, कलम १०८. वारसा, बँकेतले पैसे अशा गोष्टींत तो लागायचा. पण खालाचा प्रश्न होता निकाह तोडण्याचा, आणि त्याच्यासाठी एक वेगळा, खास मुसलमान स्त्रियांसाठी केलेला कायदा १९३९ पासून होता. त्यात मुदत चार वर्षांची आहे. म्हणजे २००३ मध्ये, स्थळ आलं तेव्हा, ती पुरी झालेली होती.

हे मला कळलं २०११ मध्ये, नोकरीच्या पहिल्या वर्षी, असंच काहीतरी शोधताना. कायदा सहा कलमांचा. चहाचा कप संपायच्या आत वाचून होतो. मी प्रिंट घेऊन गावी गेलो, एखादा जुना बग सापडल्यावर होतो तसा आनंद झालेला. खालानं चष्मा लावून ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘हे त्या लोकांना ठाऊक नव्हतं?’ ती तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होती. मी प्रिंटची घडी घातली आणि खिशात ठेवली.

मला त्या दिवसापासून एक प्रश्न पडला होता. जमातीचे बुजुर्ग दुष्ट नव्हते. त्यातले एक तर खालाला दर रमजानला गुपचूप पैसे पाठवायचे. मग त्यांनी असं उत्तर का दिलं? याचं उत्तर शोधताना मी उसूल-ए-फिक्ह वाचायला लागलो. उसूल म्हणजे मुळं. फिक्ह म्हणजे काढलेला निष्कर्ष, आणि उसूल म्हणजे तो काढायची रीत. कुराण, सुन्नत, इज्मा म्हणजे जाणकारांचं एकमत, आणि कियास म्हणजे माहीत असलेल्या हुकमावरून नव्या प्रसंगाचा हुकूम काढणं, ही चार नावं तुम्ही मदरशात ऐकली असतील. कियासचा जीव असतो ‘इल्लत’मध्ये. हुकूम ज्या कारणामुळे आहे ते कारण. द्राक्षाची दारू हराम, कारण नशा. म्हणून नशा देणारी दुसरी वस्तूही हराम, मग ती द्राक्षाची नसली तरी. हे सगळ्यांना समजतं. पण हीच रीत घरातल्या प्रश्नांना लावायची म्हटली की आपण गप्प होतो.

बुजुर्गांच्या उत्तरामागे एक पक्का उसूल होता. त्याला ‘इस्तिसहाब’ म्हणतात. जी गोष्ट एकदा खात्रीनं सिद्ध झाली ती दुसरी तितकीच खात्रीची गोष्ट येईपर्यंत कायम धरायची. यकीन शंकेनं उठत नाही. वुजू केल्याचं नक्की आठवतंय, तुटल्याची नुसती शंका आहे, तर वुजू आहे. आमच्या कामात हे रोज असतं: नवा संदेश येत नाही तोवर जुनी स्थिती कायम. खालाचा निकाह झाला हे यकीन. खालू वारले ही शंका. म्हणून निकाह कायम. तर्कात एक टाकाही सुटलेला नाही.

इमाम शाफिई यांचं नंतरचं मत असंच आहे. आणि ‘नंतरचं’ हा शब्द महत्त्वाचा, कारण आधीचं मत वेगळं होतं. इमाम साहेबांचा जन्म इसवी सन ७६७ चा, गाझाचा. मदीनेत इमाम मालिक यांच्याकडे शिकले, बगदादला हनफी विद्वानांबरोबर बसले, शेवटची वर्षं इजिप्तमध्ये काढली आणि ८२० मध्ये तिथेच वारले. इराकमधली त्यांची मतं ‘कदीम’, इजिप्तमधली ‘जदीद’. बेपत्ता नवऱ्याबद्दल, फिक्हच्या भाषेत ‘मफ्कूद’बद्दल, कदीम मत होतं: चार वर्षं थांबावं, मग इद्दत, मग बाई मोकळी. हजरत उमर यांनी अशीच मुदत दिल्याची रिवायत आहे, इमाम मालिक यांनी ती ‘मुवत्ता’मध्ये घेतली आहे. जदीद मतात इमाम शाफिई यांनी ते सोडलं आणि खात्रीची अट घातली. म्हणजे आमच्या वाडीत जो ‘आपला मझहब’ म्हणून सांगितला गेला, त्यात आमच्याच इमामांची दोन मतं आहेत. आणि दोन्ही बाजूंना सहाबांच्या रिवायती आहेत. हे बुजुर्गांना माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. त्यांना कोणी शिकवलं नाही.

आता दुसरा उसूल. नुकसान दूर केलं पाहिजे. कुणाला जरर पोचवू नये, हे हदीसवर उभं राहिलेलं सूत्र आहे, आणि फिक्हच्या पाच मोठ्या कायद्यांत ते इस्तिसहाबच्या सूत्राच्या शेजारीच बसतं. इथे दोन उसूल एकमेकांना भिडतात. एक म्हणतो, खात्री नाही, थांब. दुसरा म्हणतो, थांबण्यानंच बाईचं आयुष्य जातंय. आमच्याकडे पहिला उसूल बोलला, दुसऱ्याला कोणी बोलावलंच नाही.

पण मला सगळ्यात मोठी गोष्ट उशिरा समजली. आम्ही सगळे एकाच प्रश्नाभोवती फिरत होतो: खालू जिवंत आहेत का? त्याचं उत्तर समुद्राकडे होतं. वास्तविक निकाहात नवऱ्यावर एक जबाबदारी असते, नफका, म्हणजे बायकोचं अन्न-वस्त्र-छप्पर. ते १९९८ नंतर मिळालं नाही. यात शंका कुठे आहे? खालाच्या हातात पैसे आले नाहीत हेही यकीनच होतं! माणूस जिवंत असो नसो, ही गोष्ट बदलत नाही. १९३९ च्या कायद्यात दुसरं कारण हेच आहे: दोन वर्षं नवऱ्यानं पोसलं नाही तर बायको निकाह रद्द करून मागू शकते. म्हणजे चार वर्षंसुद्धा थांबायची गरज नव्हती. २००० सालीच तिला अर्ज करता आला असता.

या बाबतीत आपला शाफिई मझहब हनफीपेक्षा मोकळा आहे, हेही सांगायला हवं. नवऱ्याची बायकोला पोसायची ऐपतच उरली नाही, तर शाफिई मतात ‘फस्ख’ मागता येतो. हनफी मतात नाही. मात्र ऐपत असून देत नाही, किंवा परदेशी आहे आणि ऐपत ठाऊक नाही, अशा वेळी शाफिई ग्रंथही अडखळतात. एकच मझहब सगळीकडे बाईला मोकळीक देतो आणि दुसरा सगळीकडे बांधतो, असं नाहीच.

याचा उलटा नमुना आपल्याच कोकणी लोकांचा आहे. शाफिई मतात मुलगी वयात आली तरी पहिल्या निकाहाला वली लागतो, बाप तिचा निकाह ठरवू शकतो. हनफी मतात सज्ञान मुलगी स्वतःचा निकाह स्वतः करू शकते. १८६४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात, ते सुरू होऊन दोनच वर्षं झालेली, एक खटला आला: मुहम्मद इब्राहिम विरुद्ध गुलाम अहमद. मुलगी शाफिई घरातली. तिनं बापाच्या संमतीशिवाय निकाह केला आणि सांगितलं की निकाहाआधी मी हनफी मत स्वीकारलं आहे. न्यायालयानं तो निकाह वैध ठरवला. वयात आलेला मुसलमान एका सुन्नी मझहबातून दुसऱ्यात जाऊ शकतो, हे तत्त्व त्यातून कायद्याच्या पुस्तकांत आलं. मला त्या मुलीबद्दल पुस्तकांतून यापेक्षा जास्त काही मिळालेलं नाही. पण दीडशे वर्षांपूर्वी एका मुलीला कोणीतरी सांगितलं असणार की तुझ्या दीनमध्येच दुसरं दार आहे. खालाला ते कोणी सांगितलं नाही.

१९३९ चा कायदाही असाच दुसऱ्या दारातून आला. हनफी मतात बाईला निकाहातून सुटायचे मार्ग फार थोडे. पंजाबात बायका सुटकेसाठी धर्मच सोडू लागल्या, कारण धर्म सोडला की निकाह तुटतो असं मानलं जाई. इक्बाल यांनी आपल्या व्याख्यानांत यावर बोट ठेवलं. मौलाना अश्रफ अली थानवी, देवबंदी, कट्टर हनफी, त्यांनी मदीनेच्या मालिकी आलिमांशी पत्रव्यवहार केला आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘अल-हीलतुन नाजिझा’ हे पुस्तक काढलं. त्यात मालिकी मतं घेऊन बेपत्ता नवरा, न पोसणारा नवरा अशा प्रकरणांत वाट काढली. मुसलमान काझी नसेल तिथे दीनदार मुसलमानांची पंचायत फैसला करू शकते, हेही मालिकी मतातून घेतलं. कोकणातल्या आपल्या जमातीला हे लागू पडलं असतं की! पुढे काझमींनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडलं आणि कायदा झाला. तो सगळ्या आलिमांना पसंत पडला असं मुळीच नाही. खटला मुसलमान न्यायाधीशापुढेच चालावा हे कलम गळालं, म्हणून नाराजी झाली. पण कायद्याचा गाभा मालिकी फिक्ह आहे.

आता तुमच्यातला कोणीतरी विचारणार, मला प्रत्येक ठिकाणी विचारतात: मग काय, सोयीचं ते उचलायचं? आज शाफिई, उद्या मालिकी? हा प्रश्न खोटा नाही. जुन्या उलमांनी त्याची चिंता केली आहे. वेगवेगळ्या मझहबांचे तुकडे जोडून असं काही बनवणं की जे एकाही इमामाला मान्य नसेल, त्याला ‘तल्फीक’ म्हणतात आणि त्यावर कडक बोललं गेलं आहे. थानवी साहेबांनीही गरज, अडचण, हरज सिद्ध झाल्यावरच पाऊल टाकलं.

माझं म्हणणं एवढंच की सोय कुणाची, हेही विचारा. रागाच्या भरात एका दमात तीन तलाक दिलेला माणूस दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येतो. हनफी आणि शाफिई दोन्हीकडे उत्तर एकच: तीन झाले. मग त्याचे भाऊबंद गाडी काढतात आणि अहले हदीस आलिमांकडे जातात, कारण त्यांच्या मते एका बैठकीतले तीन म्हणजे एकच. फतवा मिळतो, घर वाचतं. चांगलंच झालं! पण एका रात्रीत मझहब बदलताना तेव्हा तल्फीकची आठवण कुणाला झाली नाही. जमातीनंही विचारलं नाही. माझ्या खालासाठी मात्र पाच वर्षांत एक पोस्टकार्डही कुणी लिहिलं नाही.

तलाकचा विषय निघालाच आहे म्हणून दोन वाक्यं. २२ ऑगस्ट २०१७ चा शायराबानो निकाल आणि २०१९ चा कायदा यांवर टीव्हीवर इतकं बोललं गेलंय की मी भर घालत नाही. पण २००२ साली आपल्या औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठानं दगडू पठाण प्रकरणात दिलेला निकाल जरूर वाचा. पोटगीच्या दाव्यात नवऱ्यानं नुसतं लिहून दिलं की ‘मी हिला तलाक दिला होता’, तर तलाक सिद्ध होत नाही. कारण काय होतं, दोन्हीकडच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केला का, हे दाखवावं लागतं. मध्यस्थांची ही गोष्ट कुराणातल्या सूरे निसामधून आली आहे. न्यायमूर्तींनी आयत वाचली. आपण तिची तिलावत करतो आणि पुढे जातो.

याच कोकणातले, मिरजोळीचे हमीद दलवाई याहून वेगळ्या वाटेनं गेले. १८ एप्रिल १९६६ ला त्यांनी सात बायकांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला आणि समान कायदा मागितला. फिक्हच्या आतून दुरुस्ती होईल यावर त्यांचा भरवसा नव्हता. मी त्या मतापर्यंत गेलेलो नाही. पण खालाची तेरा वर्षं आठवली की त्यांच्यापुढे छाती काढून बोलावंसं वाटत नाही. दार असून उपयोग काय, जर कुलपाची किल्ली कुणाच्या खिशात आहे हेच बाईला कळत नसेल?

म्हणून कामाच्या गोष्टी सांगतो, लिहून घ्या. कुणाच्या घरी असा प्रसंग असेल तर पहिला प्रश्न ‘तो कुठे आहे’ हा विचारू नका. ‘शेवटचे पैसे कधी आले’ हे विचारा. मनीऑर्डरीच्या पावत्या, बँकेचं पासबुक, जुनी पत्रं सांभाळून ठेवा. नवरा बेपत्ता असल्याच्या कारणावर दावा केला तर त्याच्या वारसांना, काका आणि भावालाही नोटीस जाते, त्यामुळे त्यांचे पत्ते लागतील. त्या कारणावरचा हुकूम सहा महिने लागू होत नाही. तेवढ्यात नवरा परत आला आणि संसाराला तयार असल्याचं त्यानं कोर्टाला पटवलं तर हुकूम रद्द होतो. बघा, इस्तिसहाबलाही कायद्यानं जागा ठेवली आहे. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि जिल्हा न्यायालय ओरोसला आहे, मुंबईला नाही.

आणि ज्यांचे निकाह व्हायचेत त्यांच्यासाठी. निकाह हा करार आहे, हे आपण अभिमानानं सांगतो. मग करारात अटी लिहा ना! तलाक-ए-तफवीज नावाची सोय आहे: अमुक झालं तर तलाकचा अधिकार बायकोला, असं नवरा लिहून देतो. भारतातल्या न्यायालयांनी ती मानलेली आहे. पुढच्या काळासाठी, अटी घालून असा अधिकार देणं हनफी फिक्हमध्ये जास्त सहज बसतं, शाफिई मतात त्यावर बंधनं आहेत. इथेही आपल्याला शेजाऱ्याच्या विहिरीवर जावं लागतं.

माझा निकाह २०१६ मध्ये झाला. काझी साहेबांच्या छापील निकाहनाम्यात असल्या अटींना रकानाच नव्हता. मी शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर आणला आणि त्यावर लिहिलं: सलग दोन वर्षं नफका दिला नाही तर तलाकचा अधिकार माझ्या बायकोला. सासरे नाराज झाले. ‘हळदीच्या घरात तलाकची भाषा?’ त्यांना मी खालाची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग पेन मागितलं.

निकाहाला शाफिई मतात दोन पुरुष साक्षीदार लागतात, त्यात खालाला जागा नव्हती. पण स्टॅम्प पेपरला तशी अट नाही. मी कागद तिच्यापुढे ठेवला. तिनं चष्मा लावून सगळा वाचला, सही केली नाही. म्हणाली, ‘दोन वर्षं कशाला? एक लिही.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालवणला येऊन नवीन स्टॅम्प पेपर घेतला.